तीच भट्टी, तेच पाणी

काही वर्षांपूर्वी आमच्या भोसरीच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये एकाच ग्राहकाकडून शाफ्टचे दोन लॉट आठवड्याच्या अंतराने आले. ड्रॉइंग तेच होते आणि पोलादही तेच, ईएन ८ या मध्यम कार्बनच्या साध्या प्रतीचे. व्यास २५ मिलिमीटर, लांबी हातभर, आणि एका बाजूने कापलेला कीवे, म्हणजे चावी बसवायची लांबट खाच. दोन्ही लॉटच्या टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक आणि फॉस्फरस यांचे आकडे जवळजवळ सारखे होते. कार्बन एकात ०.४१ टक्के, तर दुसऱ्यात ०.४२. दोन्ही लॉट आम्ही त्याच भट्टीत, त्याच फिक्श्चरवर उभे टांगून, त्याच तापमानाला तापवले आणि त्याच टाकीत विझवले. पहिला लॉट सरळ निघाला. दुसऱ्या लॉटमधला जवळजवळ प्रत्येक शाफ्ट वाकला, आणि तोही इतका की प्रेसवर सरळ करताना दोन शाफ्ट मोडले. ग्राहकाचा फोन आला, "मॅडम, माल एकच आहे, मग रिझल्ट वेगळा कसा?" लोडिंग नीट झाले नसणार असे गृहीत धरून मी त्या दिवशी भट्टीवरच्या माणसांना बोलले. ते माझे चुकले होते आणि त्याची टोचणी आजही आहे.

"माल एकच आहे" हे वाक्य आमच्या व्यवसायात रोज कानावर पडते, आणि ते म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा टेस्ट सर्टिफिकेटचा कागद असतो. त्या कागदावर धातूत काय काय आणि किती आहे ते लिहिलेले असते. तो ओतला कसा, लाटला कसा, ओढला की ठोकला, किती वेळा तापला आणि किती वेगाने निवला, यांतले काहीही त्यावर नसते. आणि धातू वाकणार की मोडणार, झिजणार की टिकणार, हे बऱ्याच अंशी या न लिहिलेल्या इतिहासावर ठरते. त्या शाफ्टचे पुढे काय झाले हे सांगण्याआधी मला हा इतिहास धातूत नेमका कुठे साठतो ते सांगावे लागेल.

आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग करायला लावते. ईएन ८ च्या एकाच सळईचे अर्धा इंच जाडीचे तीन तुकडे कापायचे, त्यांवर एक, दोन, तीन असे ठसे मारायचे आणि तिन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवून ८५० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायचे. पहिला तुकडा आतच ठेवून भट्टी बंद करायची. तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतो. दुसरा सांडशीने उचलून विटेवर ठेवायचा आणि हवेत निवू द्यायचा. तिसरा थेट पाण्यात घालून हलवत राहायचे. दुसऱ्या दिवशी तिघांवर कानस चालवली की जे कळते ते तक्त्यातून कळत नाही. पहिल्या तुकड्यावर कानशीचे दाते रुततात आणि जाडसर कीस पडतो. दुसऱ्यावर थोडा जोर लावावा लागतो. तिसऱ्यावर कानस काचेवरून सरकावी तशी सरकते, कर्कश आवाज करते आणि जेमतेम एक ओरखडा उठवते. मशीनवर कठीणपणा मोजला तर पहिला साधारण १६० ब्रिनेल, दुसरा दोनशेच्या आत, आणि तिसरा रॉकवेल सी मापावर ५० च्या पुढे, म्हणजे ब्रिनेलच्या भाषेत पाचशेच्या आसपास भरतो. सळई एक, भट्टी एक, तापमान एक; फरक फक्त निवण्याच्या वेगाचा.

याचे मूळ लोखंडाच्या एका विलक्षण गुणात आहे. लोखंडाचे अणू वितळण्याच्या खूप आधी, घन अवस्थेतच, आपली मांडणी बदलतात. नेहमीच्या तापमानाला ते ज्या रचनेत बसलेले असतात तिच्यात कार्बनच्या अणूला जागा जवळजवळ नसतेच. अगदी अनुकूल तापमानालासुद्धा ती रचना ०.०२ टक्क्याच्या वर कार्बन सामावून घेत नाही. पुरेसे तापवल्यावर जी दुसरी मांडणी तयार होते, जिला ऑस्टेनाइट म्हणतात, तिच्यात मात्र दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. म्हणून ८५० अंशांना आपल्या तुकड्यातला सगळा ०.४ टक्के कार्बन चहातल्या साखरेसारखा सर्वत्र पसरलेला असतो. आता तापमान ७२७ अंशांच्या खाली उतरू लागले की लोखंडाला पुन्हा जुन्या मांडणीत जायचे असते आणि कार्बनला बाहेर पडावे लागते. भट्टीतल्या तुकड्याला त्यासाठी पूर्ण रात्र मिळते. कार्बन सावकाश सरकतो आणि लोखंडाशी संयोग पावून त्याचे पातळ पापुद्रे बनतात. मऊ लोखंड आणि कठीण पापुद्रे एकाआड एक असे रचले जातात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची झळाळी मोत्याच्या शिंपल्यासारखी दिसते म्हणून त्या रचनेला पर्लाइट हे नाव मिळाले आहे. हवेत निवलेल्या तुकड्यातही हेच घडते, फक्त वेळ कमी असल्याने पापुद्रे अधिक बारीक आणि दाट होतात. पाण्यात पडलेल्या तुकड्यात कार्बनला हलायला सवडच मिळत नाही. लोखंड मांडणी बदलते, पण कार्बन जागच्या जागी अडकून पडतो आणि सगळी रचना ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तिचा कठीणपणा त्या ताणातून येतो आणि तिचा ठिसूळपणाही त्याच ताणातून येतो.

पाण्यात तुकडा "हलवत राहायचे" असे मी वर लिहिले, ते सहज लिहिलेले नाही. लालभडक पोलाद पाण्यात शिरताच त्याच्याभोवती वाफेचा एक अखंड पडदा तयार होतो, आणि वाफ उष्णता फार हळू वाहून नेत असल्याने त्या क्षणी पोलाद पाण्यात असूनही पाण्याला शिवत नाही. मग पडदा फाटतो, पाणी खदखदून उकळते आणि खरी उष्णता या टप्प्यात खेचली जाते. उकळणे थांबल्यावर शेवटचा संथ टप्पा सुरू होतो. पडदा एका जागी टिकला आणि दुसऱ्या जागी फाटला तर त्याच जॉबवर, म्हणजे विझवायच्या तुकड्यावर, एक डाग कठीण आणि शेजारचा मऊ निघतो. म्हणून जॉब हलवायचा, टाकीत पाणी खेळते ठेवायचे, आणि गरज असेल तर पाण्यात मीठ घालायचे, कारण मिठामुळे हा पडदा लवकर फाटतो.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी, मी शाळेत असताना, सुट्टीत अण्णा लोहारांच्या भट्टीपुढे तासन्‌तास उभी राहत असे. तिथे मी जे पाहिले त्याचा उलगडा मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी झाला. विळा ठोकून झाला की अण्णा त्याची धार तेवढी लाल करीत आणि फक्त धारच पाण्यात बुडवीत. पाठ गरम राहील इतक्या बेताने. मग विळा बाहेर काढून धारेजवळची काजळी विटेच्या तुकड्याने झरझर घासून पांढरी करीत आणि डोळ्यांजवळ धरून वाट पाहत. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकू लागे तसे त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चालत येत, आधी गवती पिवळा, त्यामागे तपकिरी, त्यामागे जांभळा आणि शेवटी निळा. मी उतावीळपणे विचारले की ते म्हणत, "थांब पोरी, पिवळा अजून धारेला लागायचाय." पिवळा धारेवर पोचला की विळा पुन्हा पाण्यात जाई. त्या पिवळ्याचा अर्थ साधारण २२० ते २३० अंश आणि निळ्याचा अर्थ ३०० च्या आसपास. पृष्ठभागावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या थराची जाडी तापमानाबरोबर वाढते आणि जाडीप्रमाणे रंग बदलतो. अण्णा एकाच तापणीत हार्डनिंग आणि टेम्परिंग दोन्ही करीत होते, थर्मोकपल, कंट्रोलर आणि रेकॉर्डर यांच्याशिवाय. छिन्नीसाठी ते निळ्याच्या जवळ जात, कारण छिन्नीवर हातोडा बसतो आणि तिला थोडा कठीणपणा सोडून सोशिकपणा हवा असतो. कोणत्या हत्याराला कोणता रंग, हे ज्ञान त्यांच्या वडिलांकडून आले होते, आणि ते अचूक होते.

टेम्परिंग म्हणजे काय तर अडकलेल्या कार्बनला थोडे हातपाय हलवू देणे. दीडदोनशे अंशांना तो जरासा सैलावतो, पाचशे-सहाशे अंशांना बारीक बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो, आणि कठीणपणा जितका उतरतो तितका चिवटपणा चढतो. या पायरीला उशीर झाला तर काय होते हे आमच्या शॉपने एकदा पाहिले. ईएन १९ चे काही जॉब शनिवारी संध्याकाळी तेलात विझवले होते आणि टेम्परिंगच्या भट्टीत जाण्याआधी वीज गेली. शिफ्ट संपली होती. जॉब ट्रेमध्ये तसेच राहिले. सोमवारी सकाळी मी स्वतः ट्रेजवळ उभी असताना एका जॉबमधून "टक्" असा आवाज आला, कुणी नखाने काच वाजवावी तसा, आणि भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघालेली दिसली. दोन दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. आतला ताण तेवढा काम करीत राहिला होता. तेव्हापासून हार्डनिंग आणि टेम्परिंग यांच्यामध्ये रात्र येऊ द्यायची नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

ईएन १९ तेलात का विझवायचे आणि ईएन ८ पाण्यात का, असा प्रश्न इथे वाचकाला पडू शकेल. ईएन १९ मध्ये सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते, आणि या दोघांचे मुख्य काम कार्बनचे बाहेर पडणे लांबवणे हे आहे. कार्बनला निघायला जितका उशीर, तितके आपण सावकाश निववले तरी मार्टेन्साइट मिळते. म्हणून तेल पुरते, जॉब कमी वाकतो आणि जाड जॉबचा गाभाही कठीण होतो. ईएन ८ च्या तीन इंची सळईचा गाभा पाण्यातही कठीण होत नाही, कारण पाणी कितीही थंड असले तरी गाभ्यातली उष्णता पोलादातूनच बाहेर यायची असते. मिश्रधातू महाग का, याचे एक उत्तर असे की त्यात आपण प्रक्रियेसाठी सवड विकत घेतो. ही सवड किती सेकंदांची असते याचा पहिला नीटस आलेख डेव्हनपोर्ट आणि बेन या अमेरिकन संशोधकांनी १९३० साली मांडला. हीट ट्रीटमेंटचा सगळा अभ्यासक्रम आजही त्या आलेखाभोवती फिरतो.

हे सगळे कारखान्यापुरते आहे असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी बांधकामाच्या सळईकडे पाहावे. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणारी टीएमटी सळई हे याच तत्त्वाचे रोजच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर उदाहरण आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. शेवटच्या रोलमधून सळई साधारण साडेनऊशे ते हजार अंशांना बाहेर पडते आणि लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांच्या नळीतून पळत जाते. आत ती क्षणभरच असते, पण तेवढ्यात तिचे बाहेरचे कवच विझते आणि मार्टेन्साइट होते. गाभा मात्र लालच राहतो. मग कूलिंग बेडवर पडल्या पडल्या गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि कवच पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापते. वेगळी भट्टी न लागता टेम्परिंग होते. अण्णांच्या विळ्याची पाठ जे काम करीत होती तेच काम इथे सळईचा गाभा करतो. निवल्यावर बाहेर बळकट कवच आणि आत मऊ, ताणला जाणारा गाभा अशी दुहेरी सळई हाती येते, आणि हे सगळे पाव टक्क्याच्या आतबाहेरच्या कार्बनवर. एफई ५०० डी या प्रतीच्या सळईने भारतीय मानकाप्रमाणे किमान ५०० मेगापास्कल ताण झेलायला हवा आणि तुटण्याआधी किमान १६ टक्के लांबायलाही हवे. सळईचे टोक कापून, घासून गुळगुळीत करून त्यावर नायटलचे, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या थोड्या नायट्रिक आम्लाचे, दोन थेंब टाकले की काळसर कडे आणि फिकट गाभा डोळ्यांना दिसतो. ते कडे सगळीकडून अखंड आणि सारख्या जाडीचे असले पाहिजे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला तुटलेले असेल तर नळीत पाणी सगळीकडून नीट लागलेले नाही.

जुन्या इमारती पाडताना ज्या पिळाच्या सळया निघतात, ज्यांना बांधकामावर टॉर म्हणत, त्यांची ताकद वेगळ्या मार्गाने आणलेली होती. लाटलेली सळई थंड अवस्थेत पिळायची आणि त्या पिळाने तिला बळकटी द्यायची. दोन्ही सळयांची रासायनिक घडण फारशी वेगळी नाही. पण दोघींची ताकद उष्णतेपुढे हार खाते, आणि म्हणून साइटवर जाड सळई वाकत नाही म्हणून गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवण्याची जी सवय दिसते ती पाहून माझ्या पोटात गोळा येतो. टीएमटीचे कवच त्या जागी नाहीसे होते, टॉरचा पीळही त्या जागी निरुपयोगी होतो, आणि वर काँक्रीट पडले की कुणाला काही दिसत नाही.

थंड अवस्थेत पिळून किंवा ठोकून धातू बळकट का होतो हे समजून घ्यायला पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीसारखी दुसरी शाळा नाही. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो हळूहळू हाताला कडक लागू लागतो, हातोड्याचा आवाज चढतो, आणि तरीही ठोकत राहिले तर कडेला चिरतो. धातूच्या रचनेत जे दोष असतात, ज्यांना डिसलोकेशन म्हणतात, त्यांच्या सरकण्यामुळे धातू आकार बदलतो. सतरंजी जमिनीवरून सरकवताना ती सगळी न ओढता तिच्यातली एक सुरकुती पुढे ढकलावी, तसे. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. ठोकल्याने या सुरकुत्या हजारोंनी वाढतात, एकमेकींत अडकतात आणि पुढचे सरकणे कठीण होते. मग तांबट भांडे भट्टीत लाल करतो, अणू नव्याने, गुंतारहित कण रचतात, आणि पत्रा पुन्हा मऊ होतो.

आता या पुढच्या पायरीकडे लक्ष द्यावे. लाल झालेले भांडे तांबट पाण्यात टाकतो. पोलादाला जे केल्याने ते काचेसारखे कठीण झाले, तेच तांब्याला केल्यावर ते मऊच राहते. पाण्याने वेळ वाचतो आणि वरची काळी खपली निघते, इतकेच. तांब्यात मांडणी बदलण्याचा प्रकार नाही, अडकून पडायला कार्बन नाही, म्हणून निवण्याच्या वेगाला तिथे महत्त्व नाही. तांब्याला कठीण करायचा एकच मार्ग म्हणजे मार, आणि म्हणून भांड्याचा आकार पूर्ण झाल्यावर शेवटी मठारकाम येते. घागरीवर, हंड्यावर, बंबावर एकाला एक लागून जे गोल चमकते ठोके दिसतात, ते पुष्कळांना नक्षी वाटतात. ते दिसतातही सुंदर. पण त्या प्रत्येक ठोक्याने पत्र्याचा तेवढा भाग कडक झालेला असतो, आणि म्हणूनच पातळ पत्र्याची भरलेली घागर कमरेवर घेतली तरी चेपत नाही. मठारल्यावर भांडे पुन्हा तापवायचे नसते. क्रमाला इथे शब्दशः आकाराइतकेच मोल आहे.

ॲल्युमिनिअमची गोष्ट या दोघांहून निराळी. १९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हे ॲल्युमिनिअममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशिअम घालून तयार केलेल्या मिश्रधातूला पोलादासारखे तापवून पाण्यात विझवत होते. विझवल्या विझवल्या तो कठीण झाला नाही. दोनएक दिवसांनी तोच नमुना पुन्हा मोजला तेव्हा मात्र त्याची कठीणता चांगलीच वाढलेली होती, आणि मधल्या काळात तो नुसता पडून होता. विझवल्यामुळे तांब्याचे अणू ॲल्युमिनिअममध्ये अडकतात आणि मग नेहमीच्या तापमानालाच सावकाश एकत्र येऊन अतिसूक्ष्म चकत्या बनवतात, ज्या डिसलोकेशनच्या वाटेत आडव्या येतात. ते पुंजके क्ष-किरणांच्या साहाय्याने गिनिए आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले ते १९३८ मध्ये, म्हणजे विमाने त्या धातूची होऊन बराच काळ लोटल्यावर. अशा धातूचे रिव्हेट विझवल्यानंतर वापरेपर्यंत बर्फासारख्या थंडीत ठेवण्याची पद्धत विमानांच्या कारखान्यांत पडली, कारण बाहेर ठेवले तर ते ठोकण्याआधीच कडक होत. आज ६०६१ हा ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू नरम अवस्थेत साधारण ५५ मेगापास्कलला कायमचा वाकतो आणि विझवून, मग १६०-१७५ अंशांना काही तास मुरवल्यावर २७५ पर्यंत टिकतो. खरेदीच्या ऑर्डरवर "६०६१" एवढेच लिहिणारा आणि त्यापुढे "टी ६", म्हणजे विझवून मुरवलेला, असे लिहायला विसरणारा माणूस पाचपट फरकाचा जुगार खेळत असतो.

तापवून पाण्यात टाकणे ही कृती एकच. पोलाद तत्क्षणी कठीण होते, तांबे मऊ राहते, आणि ॲल्युमिनिअमचा तो मिश्रधातू आधी मऊ राहून मागाहून कठीण होतो. माझ्या मते धातुशास्त्र शिकवण्याची सुरुवात या तीन टाक्यांपासून करावी.

ओतकामाबद्दल थोडेच लिहिते, कारण तो माझा रोजचा प्रांत नाही. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्रीमध्ये मी काही वेळा गेले आहे, आणि तिथे निवण्याचा वेग किती निर्दय असू शकतो ते पाहिले आहे. एकाच लॅडलमधून ओतलेल्या बिडाच्या कास्टिंगचा जाड भाग करडा, सहज कापला जाणारा, आणि पातळ कड पांढरी आणि इतकी कठीण की टूल मोडावे. पातळ कड लवकर निवते आणि कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाहेर पडायला वेळ मिळत नाही. त्याला तिथले लोक "चिल आली" म्हणतात. तसेच त्या द्रवात मॅग्नेशिअम घालून शेवटी अवघे ०.०३ ते ०.०५ टक्के राहू दिले, तर तेच ग्रॅफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमते, आणि एक टक्काही न लांबता तुटणारे बिड पंधरा टक्क्यांपर्यंत लांबणारे एसजी आयर्न होते. मॅग्नेशिअमचा परिणाम ओसरतो, म्हणून प्रक्रिया झाल्यावर काही मिनिटांत ओतून मोकळे व्हावे लागते. लॅडल घेऊन धावपळ करणारी माणसे पाहिली की ती घड्याळाशी का भांडत आहेत ते कळते.

आता पितळेकडे, आणि तिथून माझ्या शाफ्टकडे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक विचित्र अडचण येत असे. बंदुकीच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात साठवणीतच, कुणी हात न लावता, तडकत. पितळ चांगले होते, सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या प्रकाराला "सीझन क्रॅकिंग" हे नाव पडले. पुढे, १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण सिद्ध केले. नळकांडी थंड पत्र्यातून खोल ओढून बनवलेली असल्याने त्यांच्यात ताण साठलेला होता, आणि तबेल्यांतून येणाऱ्या अमोनियाने दमट हवेत त्या ताणाला वाट करून दिली. दोहोंपैकी एकच असते तर पितळ टिकले असते. उपाय साधा निघाला. ओढून झाल्यावर नळकांडी इतकीच तापवायची की कठीणपणा जाऊ नये, पण साठलेला ताण निवावा.

शाफ्ट वाकल्यानंतर आठवडाभर मी भट्टीचे आलेख, टाकीचे तापमान, फिक्श्चर सगळे तपासले आणि काही सापडले नाही. मग ग्राहकाच्या स्टोअरमधून दोन्ही लॉटच्या उरलेल्या सळयांचे फूटभर लांबीचे तुकडे मागवले. पाहताक्षणी फरक दिसला. पहिल्या लॉटची सळई काळी होती, गरम लाटून तशीच निवलेली, आणि शाफ्ट तिच्यातून टर्निंग करून काढलेले होते. दुसरी सळई चकचकीत होती. टर्निंगचा एक फेरा वाचावा म्हणून खरेदी विभागाने ब्राइट बार घेतला होता, म्हणजे डायमधून थंड ओढून नेमक्या मापाला आणलेली सळई. ईएन ८ दोन्हीकडे होते आणि सर्टिफिकेटही दोन्हीकडे खरे होते. मी दोन्ही तुकडे व्हाइसमध्ये उभे धरून टोकापासून मध्यरेषेवरून हॅकसॉने उभे चिरत गेले. काळ्या सळईची दोन्ही अर्धुके चिरत असताना एकमेकांना समांतर राहिली. चकचकीत सळईत ब्लेड बोटभर खाली गेले आणि दोन्ही अर्धुके आपोआप बाहेरच्या बाजूला झुकू लागली, फट रुंदावत गेली आणि ब्लेड सैल खेळू लागले. ओढताना सळईचा पृष्ठभाग ताणात आणि गाभा दाबात राहिलेला होता. सळई गोल आणि अखंड असेपर्यंत ते दोन्ही एकमेकांना तोलून धरत होते. कीवे कापल्यावर एका बाजूचा तोल गेला, आणि भट्टीत पोलाद मऊ होऊ लागताच उरलेला ताण असमान सुटला. शाफ्ट पाण्याच्या टाकीपर्यंत पोचण्याआधीच वाकायला लागले होते.

मी आधी भट्टीवरच्या माणसांकडे जाऊन झाल्या प्रकाराची माफी मागितली, आणि चिरलेली सळई त्यांच्या हातात दिली. ग्राहकाला दोन पर्याय कळवले. एकतर काळ्या सळईवर परत जावे, किंवा ब्राइट बारच घ्यायचा असेल तर कीवे कापण्याआधी सळया साडेपाचशे-सहाशे अंशांना सावकाश तापवून, दीडदोन तास ठेवून, सावकाश निववून आमच्याकडून स्ट्रेस रिलीव्ह करून घ्याव्यात. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. पुढच्या लॉटमध्ये प्रेसवर फक्त तीन शाफ्ट न्यावे लागले. त्यांच्या ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात आधी "ईएन ८" एवढेच असे. आता त्याखाली सळई कोणत्या अवस्थेतली आणि स्ट्रेस रिलीव्हिंग कोणत्या पायरीला, हे लिहिलेले असते. चिरलेली ब्राइट सळई माझ्या टेबलावर आहे. तिच्या टोकाला फटीत करंगळी जाते.